सोनेरी हेल्मेटचा मान

सोर्वाकोस्कीच्या आइस हॉकी संघाचं नाव तेरास. तेरास म्हणजे पोलाद. त्या हंगामात फेब्रुवारीपर्यंत हे पोलाद एकेचाळीस वेळा वाकलं होतं आणि सहा वेळा सरळ राहिलं होतं. त्या सहांपैकी दोनदा समोरच्या संघात तापाची साथ होती. लीगमध्ये पंधराच संघ असल्यामुळे तेरास पंधरावा होता.

लीगचा एक नियम होता. प्रत्येक संघात ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्यानं पुढच्या सामन्यात सोनेरी हेल्मेट घालून उतरायचं. गोल केला की एक गुण, गोलच्या आधीचा पास दिला की एक गुण, आणि गुण सारखे असतील तर ज्याचे गोल जास्त तो मानकरी. वरच्या संघांतले लोक या हेल्मेटसाठी जीव टाकायचे. तेरासमध्ये ते हेल्मेट म्हणजे पाहुण्यांच्या सोयीसाठी लावलेली पाटी होती: खेळता येणारा हा एवढाच आहे, आधी याला आपटा, म्हणजे संध्याकाळ निवांत जाईल.

पाहुणे पाटी वाचत. डिसेंबरात झेक देशातून आणलेल्या व्ल्चेकचं खांद्याचं हाड मोडलं आणि तो नाताळाला घरी गेला तो परत आलाच नाही. त्याच्यानंतरच्या मानकऱ्याची दोन बोटं गेली. मग मान लेहतोरांताकडे आला. त्याचे गुण चौदा. तूरे वेप्साचे चौदा, कोसोनेनचेही चौदा. लेहतोरांताचे गोल जास्त होते, म्हणून तो रोज रात्री बरगडीवर बर्फाची पिशवी धरून बसायचा आणि बाकीचे दोघे त्याची मनापासून चौकशी करायचे.

तूरेची चौकशी जरा जास्तच मनापासून असायची. तो तेहतीस वर्षांचा होता. त्याच्या डोक्याला दोनदा जबर मार लागला होता आणि मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा लागलं तर यापुढे बर्फावर जायचं ते फक्त भोक पाडून मासे पकडायला. तूरेला आणखी एक वर्ष खेळायचं होतं. कप नको, नाव नको, फक्त एक वर्ष. त्याला मासे मुळीच आवडत नसत.

तेव्हापासून तेरासच्या खेळात एक उदात्त बदल दिसू लागला. गोलजाळी समोर उघडी पडली, की तूरे चकती कोसोनेनकडे सरकवायचा. कोसोनेन लेहतोरांताकडे. लेहतोरांताला तर हेल्मेट उतरवायचंच होतं, त्यामुळे तो ती पुन्हा तूरेकडे. सहा सामन्यांत या तिघांच्या खात्यावर एकही गुण चढला नाही. गावच्या वर्तमानपत्रानं 'निःस्वार्थ हॉकी' असा मथळा दिला. कोच पेल्तोमा यांनी तो कापून खेळाडूंच्या खोलीत चिकटवला आणि म्हणाले, "हे मी तुम्हाला चार वर्षं शिकवतोय."

गुरुवारच्या सामन्यात मात्र घोटाळा झाला. शून्य-सहा असे मागे असताना तिघांनी मोकळ्या जाळीसमोर चकती इतक्या वेळा एकमेकांना दिली, की समोरचा बचावपटू वैतागला. त्यानं ती दूर भिरकावायला स्टिक फिरवली आणि चकती त्याच्याच सोबत्याच्या स्केटला लागून त्याच्याच जाळीत गेली. असा गोल नियमानं तेरासच्या ज्या खेळाडूनं चकतीला शेवटचा स्पर्श केला त्याच्या नावावर लागतो. पासचा गुण कुणालाच मिळत नाही. फलकावर नाव झळकलं: वेप्सा.

शुक्रवारी सकाळी तूरे रिंकच्या वरच्या काचेच्या खोलीत गेला. तिथे औलिस सर बसत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले सर तीस वर्षं सामन्याची अधिकृत नोंद ठेवत होते, आणि दुपारपर्यंत नोंद दुरुस्त करायचा अधिकार त्यांना होता.

"सर, कालचा गोल माझा नाही," तूरे म्हणाला. "शेवटचा स्पर्श कोसोनेनचा. बिचाऱ्यावर अन्याय नको."

सरांनी चष्मा काढून पुसला. "इथे लोक गोल मागायला येतात. त्यांच्या आया येतात. एकदा एकाची आजी आली होती. परत करायला आलेला तू पहिलाच."

तेवढ्यात दार ढकलून कोसोनेन आत आला. तूरेला पाहून तो दारातच थबकला.

"तू इथे काय करतोयस?"

"तुझं भलं," तूरे म्हणाला.

"सर, याचं काही ऐकू नका. गोल शंभर टक्के याचा आहे. मी स्वतः पाहिला."

"कोसोनेन," सर म्हणाले, "सातवीत तू दुसऱ्याची गणितं स्वतःच्या नावावर द्यायचास."

"माणूस सुधारतो, सर."

"बसा दोघं."

सरांनी चित्रफीत लावली आणि एकेक चित्र पुढे सरकवू लागले. चकती कोसोनेनच्या स्टिकवरून निघाली, तूरेच्या स्टिकच्या टोकाजवळून गेली. सरांनी पडद्यावर पट्टी ठेवली, पेन्सिलनं दोन रेषा ओढल्या आणि कोनमापक लावला.

"इथे दिशा तीन अंशांनी बदलली. तुझ्या स्टिकपाशी."

"बर्फ खडबडीत असेल, सर."

"खडबडीत बर्फावर चकती उडते. ही वळली आहे."

"तीन अंश म्हणजे काय हो असे."

"तीन अंश म्हणजे तीन अंश."

कोसोनेननं सुटकेचा श्वास सोडला तो सरळ काचेवर जमा झाला. तूरे खाली बघत म्हणाला, "सर, उद्या मेरिकल्लिओ आहे."

मेरिकल्लिओ लीगमध्ये पहिला होता. सगळं गाव जे वाचत होतं ते सरांनीही वाचलं होतं, फक्त निःस्वार्थ हा शब्द त्यांना पटला नव्हता.

"म्हणजे मी ते हेल्मेट कोसोनेनच्या डोक्यावर ठेवू? त्याला डोकं नाही का?"

"त्याबद्दल मतभेद आहेत," तूरे म्हणाला.

सरांनी वहीत वेप्सा लिहिलं आणि दोघांना कॉफी ओतली. तूरेचे गुण पंधरा झाले.

शनिवारी संध्याकाळी लेहतोरांतानं हेल्मेट स्वतःच्या हातानं पुसून तूरेला आणून दिलं. इतकं चकचकीत ते आधी कधीच नव्हतं. "शोभतं तुला," तो म्हणाला.

मेरिकल्लिओचा बचावपटू रोइहू दोन मीटर तीन सेंटिमीटर उंच होता. रविवारी वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवणारा अत्यंत सुशील माणूस. दुसऱ्याच मिनिटाला त्यानं तूरेला रिंकच्या कडेच्या फळीवर असं दाबलं, की तिच्यावरची काच थरथरली. "माफ कर," तो म्हणाला. "वरून सूचना आहे."

"सोनेरीला धरा, अशी?"

"शब्दशः तशीच."

दहाव्या मिनिटाला रोइहू आणि आणखी एक जण दोघेही तूरेच्या अंगावर धावून आले. त्यामुळे कोसोनेन मोकळा राहिला. तूरेनं आदळण्याआधी चकती त्याच्याकडे ढकलली. सवयीनं कोसोनेननं आधी आजूबाजूला पाहिलं, द्यायला कुणी सापडेना, म्हणून नाइलाजानं त्यानं गोल केला.

बाकावर परतल्यावर त्याचे ओठ हलत होते. "तुझा पास, माझा गोल," तो तूरेच्या कानाशी म्हणाला. "तुझे सोळा, माझे पंधरा. म्हणजे पास तू दिलास तर मी कितीही गोल केले तरी तू पुढेच राहतोस."

"अभिनंदन."

"अरे, हे सगळ्यांना सांगायला हवं."

ही बातमी बाकावर कोचच्या कुठल्याही सूचनेपेक्षा वेगानं पसरली. त्यानंतर तेरासची प्रत्येक चढाई तूरेमार्फत जाऊ लागली. ज्याच्या पायाशी चकती येई तो आधी तूरेला शोधे, चकती त्याला देई आणि मग निर्धास्त मनानं मोकळ्या जागेत धावे. गेले सहा सामने गोलजाळीपासून तोंड लपवणारी माणसं आता तिच्याकडे झेपावत होती. तूरेच्या पासवर लेहतोरांतानं गोल केला. मग पुन्हा कोसोनेननं. फलकावर तीन-तीन झाले, आणि वरच्या बाकांवर सॉसेज खात बसलेले लोक मोहरी सांडत उभे राहिले. "बघा," कोच पेल्तोमा सहायकाला म्हणाले, "माझी पद्धत रुजायला वेळ लागतो."

शेवटच्या भागात मेरिकल्लिओनं चौथा गोल केला. तरी फक्त एका गोलचं अंतर होतं, चार मिनिटं बाकी होती. तूरे कोपऱ्यात चकती घेऊन वळला आणि त्याच वेळी रोइहू आला. माफीचा शब्द तूरेला ऐकू आला, पण खूप लांबून, वाचनालयातून आल्यासारखा.

तो स्वतःच्या पायांनी बाकापर्यंत आला. संघाच्या डॉक्टर सिर्का यांनी त्याच्या डोळ्यांत विजेरी मारली.

"नाव?"

"तूरे वेप्सा."

"कुठे आहेस?"

"सोर्वाकोस्कीत. अजूनही."

"सामन्याचं काय चाललंय?"

"हरतोय."

"छान," डॉक्टर म्हणाल्या आणि विजेरी खिशात ठेवली. पेल्तोमांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "चल तर. आणखी एक पास, राजा."

तूरे उठला नाही. हरतोय हे उत्तर त्यानं या हंगामात कुठल्याही दिवशी, झोपेतही बरोबर दिलं असतं. म्हणून त्यानं स्वतःला दुसरा प्रश्न विचारला. दोन महिने सकाळी डोळे उघडले की दात घासायच्या आधी त्याला आपल्या गुणांचा आकडा आठवायचा. सोळा होते, ते कोसोनेननं सांगितलं होतं. मग लेहतोरांता. त्याच्यापुढे बर्फासारखं नुसतं पांढरं. त्यानं पुन्हा सोळापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडकला.

गप्प बसता आलं असतं. डॉक्टरांचं समाधान झालं होतं, एक वर्ष शाबूत होतं, आणि लोक पहिल्यांदाच उभे होते. तूरेनं हनुवटीखालचा पट्टा सोडला.

"डॉक्टर, तो प्रश्न आमच्या संघाला विचारून उपयोग नाही," तो म्हणाला. "मला माझे गुण आठवत नाहीयेत."

"आत्ता गुण कशाला हवेत तुला?" पेल्तोमा म्हणाले.

डॉक्टर मात्र पुन्हा खाली बसल्या, आणि या वेळी त्यांनी त्याच्या डोक्यावरून हेल्मेट काढून घेतलं.

"अठरा," शेजारून कोसोनेन हळूच म्हणाला. मग हेल्मेटकडे न बघता, तो पुढे म्हणाला, "माझे सोळा."

त्याला कुणी विचारलं नव्हतं.