टाचेखालची गोधडी

चांगुणाबायच्या घरात रिकामं बसलेलं माणूस आणि नासकी मासळी, दोन्हींना थारा नव्हता. त्यामुळे दिवाळी सरली तरी नात सोफ्यावर पाय वर करून लोळतेय, मैदानाकडे फिरकतसुद्धा नाही, हे बघून तिचं डोकं तापलं.

"पदक मिलालं म्हंजे राणी झालीस काय गो? ऊठ! उड्या काय तुजा आजोबा मारनार हाय? तो तर वरती जाऊन बसलाय."

"आजी, आता ऑफ-सीझन आहे," रोहिणी म्हणाली.

"मंग? भूकबी ऑफ हाय काय? जेवताना तर दिसत नाय."

रोहिणी तिहेरी उडी मारायची. दिवाळीच्या तोंडावर राज्याच्या स्पर्धेत तिनं रुप्याचं पदक आणलं होतं. रोडपालीच्या त्या बिल्डिंगीत वॉचमनपासून गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायकांपर्यंत ते पदक हातात धरून बघितलं नाही असा माणूस चांगुणाबायनं शिल्लक ठेवला नव्हता. अशा पोरीनं आता लोळावं? शेवटी कंटाळून रोहिणीनं आपल्या अनुया मॅडमनाच घरी बोलावलं. मॅडम खांदा कॉलनीच्या मैदानावर पोरापोरींना लांब उडी, तिहेरी उडी शिकवायच्या. एकेकाळी स्वतःही उडी मारायच्या. बाई शिडशिडीत, बोलणं मऊ, पण कणा ताठ.

चांगुणाबायनं आधी त्यांच्यापुढं तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण ठेवलं, मग तोफ डागली.

"काय वो मॅडम, उडी मारनारीला तुमी उडीच मारू देत नाय? उद्या कोलनीला सांगाल, मासोलीला हात लावू नको."

मॅडम हसल्या. भाकरी मोडता मोडता त्यांनी सगळं नीट सांगितलं. आत्ता काही दिवस निव्वळ विश्रांती. वाटलं तर सायकल, नाहीतर पोहणं. मग ताकदीचं काम. वजन खांद्यावर घेऊन बसणं-उठणं, पिंढऱ्या, पोट, पाठ, एका पायावर तोल. ते अंगात मुरलं की हलक्या उड्या, त्याही गवतावर. वाळूच्या खड्ड्यात पूर्ण उडी अगदी शेवटी, सीझन जवळ आला की.

"आजी, पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढतात ना? तेव्हा ती फुकट पडलेली नसते. फटी बुजवतात, डांबर लावतात. तसंच आहे हे."

चांगुणाबायच्या सासऱ्याची खाडीत होडी होती. तिला ते पटलं, आणि दुसऱ्याचं पटलं की तिला राग यायचा.

"लावा डांबर. पन होडी माजी हाय, ध्यानात ठेवा."

"होडी तुमचीच. म्हणून तर सांगायला आले. हिची उजवी टाच दुखावली आहे. तिहेरी उडीत पहिल्या टप्प्याला सगळा भार त्या टाचेवर आदळतो. आत्ता जपली तर पुढची कितीतरी वर्षं उडेल. नाही जपली, तर हे दुखणं कायमचं मागं लागेल. सीझन सुरू होईपर्यंत कडक जमिनीवर अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा नाही."

वाटीत कालवण वाढणारा चांगुणाबायचा हात तिथंच थांबला. रोहिणीनं मान खाली घातली.

गोष्ट अशी होती. स्पर्धेच्या दिवशी चांगुणाबाय मैदानाच्या जाळीला चिकटून उभी होती. पोरीची शेवटची उडी राहिली होती आणि पोर चौथ्या नंबरावर होती. तेव्हा जाळीची तार मुठीत आवळून ती बोलली होती: "एकवीरा आई, पोरीच्या गल्यात पदक घाल. माघी पुनवेच्या आत ती अनवानी तुजा डोंगर चढून येल नि तुजी ओटी भरील." आईनं तिचा शब्द राखला. आता आईला काय सांगायचं? पोरीच्या मॅडमनी डांबर लावायला घेतलंय म्हणून?

"माघात हिला डोंगर चढायचाय," चांगुणाबाय म्हणाली. "नवस हाय."

"बूट घालून चढू दे."

"आईच्या पायऱ्या बूट घालून? तुमी भाकर खाताय म्हनून गप हाय मी."

मॅडमनी भाकरी संपवली, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "आजी, मला देवीशी भांडायचं नाही. पण टाच मी बघितली आहे."

त्या दिवसापासून घरात नवसाचं नाव कोणी काढेना. रोहिणी घरात मऊ सपाता घालून वावरायची, आजीच्या देवघरासमोरून जाताना चोरासारखी चवड्यांवर जायची. चांगुणाबाय बघायची आणि गप्प राहायची. ती गप्प राहिली की तिचा लेक प्रभाकरसुद्धा टीव्हीचा आवाज कमी करायचा.

एक दिवस लिफ्ट बंद पडली. बाजारातून आलेली चांगुणाबाय पिशवी घेऊन जिना चढत होती. वरून कोणीतरी उतरतंय असं वाटलं म्हणून तिनं मान वर केली. रोहिणी होती. सपाता हातात, पाय उघडे. एक पायरी उतरायची, ओठ दातात धरायची, कठडा पकडायची, पुढची पायरी. मग पुन्हा वळून वर. आजी खाली उभी आहे हे तिला दिसलं नाही. पोर डोंगराची सवय करत होती.

हीच टाच चांगुणाबायनं न्हाऊ घालताना तळहातावर घेतली होती. खोबरेल चोळताना पोर खिदळायची, आणि टाच अशी, बोरासारखी गुळगुळीत.

"रोहिणी!"

पोर दचकली. "आजी, मी जमवते ना. माघापर्यंत होईल सवय."

"सपाता घाल."

"पण नवस..."

"घाल म्हनते ना! नवस कोन बोलला? मी बोलली. बोलताना तुज्या टाचेला इचारलं व्हतं काय? आपन उधारी करायची नि फेडायला दुसऱ्याचे पाय पुढं करायचे! आईबी हसली असल मना. माजा नवस, माजे पाय. मी जाईन."

रोहिणीला हसू आलं आणि डोळेही भरले. "तू? अगं, लिफ्ट बंद पडली की तू पहिल्या माळ्यापासूनच वॉचमनला शिव्या द्यायला लागतेस. गच्चीपर्यंत ऐकू येतात."

"शिव्या तोंडानं देतात. गुडघ्यानं नाय."

पण मनातून ती टरकली होती. गुडघे तिचे, तिला ठाऊक. पाटावरून उठताना तिला भिंत लागायची. आईच्या डोंगराला भिंत नाही.

दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून चांगुणाबाय रिक्षानं खांदा कॉलनीच्या मैदानावर उतरली. मॅडम पोरांना गवतावर वाकवत होत्या. चांगुणाबायला विनवणी येत नसे, तेव्हा तिनं हुकूमच सोडला.

"त्या डांबराच्या कामात मनाबी घ्या. माघात डोंगर हाय."

मॅडमनी तिच्याकडे एकदा बघितलं, तिच्या पायांकडे एकदा बघितलं. हसल्या मात्र नाहीत, आणि तिथंच चांगुणाबायनं त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं. "आधी डॉक्टरांना गुडघे दाखवायचे," मॅडम म्हणाल्या. "मग बघू."

डॉक्टरनं हळूहळू करा म्हटलं, आणि घरात दोन खेळाडू झाले. रोहिणी जिममध्ये वजन घेऊन बसायची-उठायची, चांगुणाबाय स्वयंपाकघरात खुर्चीवरून हात न टेकता उठायची. रोहिणी पिंढऱ्यांचा व्यायाम करायची, चांगुणाबाय ओट्याला धरून भात शिजेपर्यंत टाचा वर-खाली करायची. मग जिना. आधी एक माळा, पुढं आणखी एक. लिफ्ट दुरुस्त झाली तरी बाई जिन्यानंच, आणि वाटेत भेटेल त्याला सुनवायची, "काय रे, तरना ना तू? लिफ्टीत काय लोनचं घालायचंय तुजं?"

एकच गोष्ट तिला पटेना, ती म्हणजे आराम. मॅडमनी आरामाचे दिवस नेमून दिले होते. त्यातल्याच एका दिवशी चांगुणाबाय सगळ्यांची नजर चुकवून जिना चढून आली. देव बघतो तसा गुडघाही बघतो. सकाळी तो पेरूएवढा सुजला.

आता रोहिणीची पाळी. बर्फ फडक्यात बांधून ती आजीच्या पायाशी बसली. "आराम सांगितला होता ना? मी लोळले तर राणी, आणि तू ऐकत नाहीस ती कोण? महाराणी?"

"हळू दाब गो, मेले."

"अंगात ताकद चढते ती आरामातच, आजी. काम केलं त्या दिवशी नाही."

चांगुणाबायनं बर्फाचं फडकं आपल्या हातात घेतलं. मग हळूच म्हणाली, "उन्हाल्यात जमीन मोकली ठेवायची आमी. भाजून, नांगरून, नुसती पडू द्यायची. इसरली मी." त्यानंतर आरामाच्या दिवशी ती सोफ्यावर नातीशेजारी पाय वर करून बसायची आणि कोणी काही बोललंच तर डोळे वटारायची.

माघ उजाडला. प्रभाकरनं गाडी डोंगराच्या पायथ्याशी उभी केली. चांगुणाबायनं चपला गाडीतच काढल्या. एका हातात ओटीचं ताट, काखेत एक जुनी गोधडी.

"आजी, गोधडी कशाला? वरती झोपणार आहेस?"

"माजी मर्जी."

रोहिणी बूट घालून शेजारून चालत होती, मान खाली घालून, जणू सगळा डोंगर तिच्या पायांकडे बघतोय. पायऱ्या गार होत्या. अर्धा डोंगर चढल्यावर चांगुणाबायचे गुडघे अडले. ती पायरीवर बसली ती उठेचना. प्रभाकर हात द्यायला धावला.

"लांब हो!" ती खेकसली. नवस तिचा होता, लेकाच्या दंडाचा नव्हता. पण उठवेना, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसली.

रोहिणी समोर उकिडवी बसली. "आजी, आपली स्वयंपाकघरातली खुर्ची आहे ही. पाय मागं घे. नाक पुढं. हां, आता भात उतू चाललाय, ऊठ!"

चांगुणाबायनं नाक पुढं केलं आणि उठली. हात न टेकता.

देवळाच्या दारात रांग होती. तिथं आल्यावर तिनं ताट प्रभाकरकडे दिलं, काखेतली गोधडी चौपदरी घडी करून उंबऱ्याजवळच्या फरशीवर पसरली आणि हातानं चापून मऊ केली.

"बूट काढ. यावर उभी रहा. आईला बघ."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ आजी, लाईन सरकवा की!"

"सरकवते रे! तुज्या बापाची टाच हाय काय ही?"

रोहिणीनं बूट काढले. टाचा गोधडीत रुतल्या. आजीनं ओटी भरली, हात जोडले, आणि सवयीनं तोंडातून निघालंच, "आई, पुढल्या सीझनला पोरीला..." मग तिनं जीभ चावली. "काय नाय, आई. तिचं ती बघल. माजं मी फेडलं."

उतरताना मात्र तिनं नातीच्या खांद्यावर हात टाकला. चढताना नको होता. उतरताना तो खांदा तिला बरा वाटत होता, ताकदीचा, ताठ. गोधडी आता रोहिणीच्या काखेत होती.

"उद्या काय हाय गो आपलं?"

"उद्या आराम, आजी."

"बरं झालं," चांगुणाबाय म्हणाली, आणि पुढची पायरी जपून उतरली.