सायमन अंकल गाळतात ती ओळ

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की वसईतल्या पाचूबंदरच्या देवळात आता सगळे गुडघे टेकून सैतानाला नरकात लोटणाऱ्या देवदूताची, संत मायकलची, प्रार्थना म्हणतात. नव्या फादरांनी ती गेल्या पावसाळ्यानंतर सुरू केली. एलिसा लग्न होऊन एव्हरशाईन सिटीत गेली, तरी रविवारी आई फिलोमिनाबरोबर इथेच येते. तिच्या पुढच्या बाकावर सायमन अंकल बसतात. वय सत्तरीचं, पण आवाज खणखणीत. फक्त ‘सैतानाच्या कपटापासून आमचं रक्षण कर’ ही ओळ आली की तो आवाज थांबतो, आणि पुढच्या ओळीला परत सुरू होतो.

आधी तिला वाटलं, खोकला आला असेल. चौथ्या रविवारी खात्री पटली.

“मम्मी, अंकल ती ओळ का गाळतात?”

“मला काय ठाऊक? त्यांनाच विचार,” फिलोमिना म्हणाली.

एलिसाला राहवेना. दुपारी ती किनाऱ्यावर गेली. अंकल जाळं शिवत बसले होते. तिने तेच विचारलं तेव्हा त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

“ती ओळ म्हटली की मला सैतान दिसत नाय,” ते म्हणाले. “ॲन्सेल्म दिसतो.”

ॲन्सेल्म त्यांचा चुलतभाऊ. सात वर्षांपूर्वी भर समुद्रात अंकलच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. वारा सुटला होता. ॲन्सेल्मची बोट जवळून गेली, अंकलनी फडकं हलवलं, पण ती थांबली नाही. नऊ तास वाहत गेल्यावर अर्नाळ्याच्या एका बोटीने त्यांना ओढून आणलं.

“ही प्रार्थना सुरू झाली त्या पयल्या रविवारी मी देवदूताला सांगत होतो, ॲन्सेल्मला बुडव. देवळात बसून. तेव्हापासून त्या ओळीला मी गप्प बसतो.”

“त्यांनी तुम्हाला पाहिलंच नसेल तर?”

“कोन जाने.”

“विचारलं नाहीत कधी?”

“नाय.”

एलिसा तशीच ॲन्सेल्मच्या घरी गेली. तो ओट्यावर सुके बोंबील निवडत होता. तिने सरळ विचारलं. तो चिडला नाही.

“पाहिलं होतं,” तो म्हणाला. “लाटा मोठ्या होत्या. घाबरलो. पन बंदरात येऊन कोनाला सांगायला तरी हवं होतं. तेही नाय केलं.”

“का?”

“सांगितलं असतं, तर सोडून आलो हेपन सांगावं लागलं असतं.”

“मी सांगू त्यांना?”

“नको. ते माझं काम.”

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर ॲन्सेल्म देवळाबाहेरच्या क्रुसापाशी थांबला. अंकल आले तसं त्याने सगळं सांगितलं. एलिसा जवळच चपलेचा पट्टा उगाच काढत-घालत राहिली.

अंकलनी एकच विचारलं, “किती जवळ होतास?”

“तुझ्या हातातलं फडकं हिरवं होतं, ते दिसलं. इतका.”

अंकलनी मान हलवली आणि ते घराकडे चालू लागले. तीन दिवस ते ॲन्सेल्मशी एक शब्द बोलले नाहीत. बुधवारी ॲन्सेल्मची बोट वाळूवर ओढायला माणसं कमी पडली, तेव्हा ते आपणहून उठले आणि त्याच्या मागे उभं राहून त्यांनी दोर धरला.