धंद्यापुरतं मंगळसूत्र

पेडण्याच्या बाजारातलं सुमंगलाचं पार्लर सकाळी नऊला उघडे. आरसे पुसायचे, कंगवे गरम पाण्यात घालायचे, ही विमलाची कामं. मग शिकणं. नवरा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकखाली गेला, सासरच्यांनी महिन्याभरात तिला चोपड्याला आईकडे आणून सोडलं. तिला कामावर घेईना कोणी. घेतलं ते सुमंगलाने.

आणि शिकवलंही मनापासून. पहिल्या दिवशी तिने स्वतःचा चेहराच पुढे केला. "भियां नको गो, ह्यां तोंड काय नवां नाय." निऱ्या तीनदा चुकल्या तरी ती सुस्कारा टाकत नसे. गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलत नसे. गिऱ्हाईक गेलं की चूक दाखवी. अशा बायकांना हात देते म्हणून महिला मंडळाने तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता, तेव्हा विमला पहिल्या रांगेत बसून रडली होती.

वर्षाने सुमंगला म्हणाली, "मुळगावची नवरी तू सजवतलंस. एकटी."

लग्नाच्या सकाळी निघताना तिने पर्समधून मंगळसूत्र काढलं. "ह्यां गळ्यात घाल. धंद्यापुरतां."

"ताय, माका ह्यां नको."

"थंय तुका कोण वळखता? एकदा तुजो हात बघल्यार मागीर कोण इचारूचो नाय."

जिने आजवर एकही गोष्ट चुकीची शिकवली नव्हती तिला नाही कसं म्हणायचं? विमलाने ते घातलं.

मुळगावच्या घरात माजघरापर्यंत सनईची रेकॉर्ड ऐकू येत होती. सेजल नावाची नवरी आरशासमोर बसली होती, सुमंगला कोपऱ्यातून बघत होती. अंबाडा सुरेख बसला. विमला त्यावर अबोलीचा गजरा टाचत होती, तोच नवरीची मावशी जानकी ओटीचं तबक घेऊन आत आली आणि थबकली.

"अगो, ही आमच्या सुर्ल्याची! हिचो घोव मेलो मां? आणि मंगळसूत्र घालून नवरीक हात लायता?"

खोलीतल्या बायका मागे सरकल्या. विमलाने सुमंगलाकडे पाहिलं. तिला खात्री होती, ताई आता पुढे येतील.

सुमंगला पुढे आली. "माका ठावक नाय हुतां, जानकीबाय! घोव मुंबयक आसा म्हणान सांगल्यान माका. फसवल्यान हिना."

विमलाच्या हातातली पिन तशीच राहिली. आरशात सेजलने तिच्याकडे पाहिलं आणि डोळे खाली घेतले. विमलाने गळ्यातलं काढलं, सुमंगलाच्या तळहातावर ठेवलं. "ताय, ह्यां तुमचां," एवढंच म्हणाली आणि बाहेर पडली. मागे जानकीने नवरीच्या केसांतला गजरा उतरवायला सांगितला.

बस यायला वेळ होता. काम आटोपून सुमंगला थांब्यापाशी आली. "आगो, वर्साच्यो ऑर्डरी गेल्यो असत्यो. चार दिसांनी लोक इसारतले. सोमवारी ये."

"तुमी गप रवला असतात तरी चाललां असतां," विमला म्हणाली. "तुमी माका खोटी केलात."

सोमवारी ती गेली नाही.

आता चोपड्याला आईच्या पडवीत तिची एक खुर्ची आणि एक आरसा आहे. निऱ्या घालताना हात सुमंगलाने लावलेल्या वळणानेच जातो, आणि त्याचा तिला अजून राग येतो. परवा नवऱ्याने टाकलेली सिद्धी तिच्याकडे विचारत आली, "माका शिकवशात?"

"शिकवीन. पण तू कोण ती मी गिरायकाक आधीच सांगतलंय. तुज्या देखत."

सिद्धी घाबरली. "आणि गिरायक उठान गेलां तर?"

गेल्या महिन्यात विमलाने स्वतःबद्दल सांगितल्यावर दोघीजणी तशा उठून गेल्याच होत्या. विमलाने खुर्ची पुसून सरळ केली.

"जाऊंदे. आपण दोगां हंयच बसया."