माझ्या छपराखाली कोणी चढलेच नाही

मित्रांनो, मी एक जुने नाट्यगृह आहे आणि मला फार राग आला आहे.

बाजारालगतच्या चौकात मला बांधले, तेव्हा गवंड्यांनी भिंतींना अशी गोलाई दिली की नटाने टाकलेला सुस्काराही शेवटच्या रांगेत ऐकू जाई. हातात हात घालून आलेली जोडपी पुढे नातवंडांना घेऊन आली. माझे नाव निघाले की लोकांचे चेहरे उजळत.

मग छपराची चार कौले फुटली. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी कचेरीत अर्ज दिला. साहेब म्हणाले, बघू. पाच वर्षे ते बघतच राहिले. गळती सुरू झाली की मावशी राजाराणीचे पोशाख उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत. निम्म्या पोशाखांना तरीही बुरशी लागली.

शेवटी एक इंजिनिअर आले. नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले आणि पाच मिनिटांत परतले. अहवालात लिहिले, ‘छप्पर पूर्ण कुजले आहे. इमारत धोकादायक. पाडावी.’ माझ्या जागी दुकाने काढायचे आधीच ठरले होते म्हणे. हेळसांड केली त्यांनी आणि शिक्षा मला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

कचेरीत मोठ्या साहेबांसमोर सुनावणी झाली. मावशी धुतलेले लुगडे नेसून गेल्या. त्यांनी इंजिनिअरना एकच गोष्ट विचारली.

“साहेब, छपराखाली जायचा जिना कुठल्या बाजूला आहे?”

“डावीकडे,” ते म्हणाले.

“जिना नाहीच तिथं. शिडी लावावी लागते. ती माझ्या खोलीत कुलपात असते, आणि तुम्ही ती मागितलीच नाही.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना स्वतः शिडी चढावी लागली. नेपथ्याच्या सुतारकाकांनी एकेका तुळईवर हातोडी मारून दाखवली. अकरापैकी दहा खणखणीत वाजल्या. गळतीखालची तेवढी एक कुजली होती.

मला पाडण्याचा हुकूम रद्द झाला. तुळई बदलली, कौले बसली. दारावर संगमरवरी पाटीही लागली: ‘मोठ्या साहेबांच्या दूरदृष्टीने ही वास्तू वाचली.’ मावशींचा उल्लेख नाही. मावशी ती पाटी पुसतात आणि आत जातात. माझ्या भिंती मात्र धुमसतात.

मित्रांनो, कोणाला जुने, निकामी म्हणून मोडीत काढू नका. त्याची ही दशा ज्यांनी केली, त्यांची नावे आधी मोठ्याने वाचायला लावा.