दोन पावलं पुढं आलेली खुर्ची

बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे एका रिकाम्या खुर्चीवर खिळले होते. जावयाची बायको, म्हणजे सासूबाईंची मुलगी, वारल्यापासून घरात त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं.

फोटोत आत्मे दाखवणाऱ्या फोटोबाबांनी एकाच आकाराचे दोन फोटो भिंतीवर चिकटवले.

"हा जपाआधीचा. हा जपानंतरचा, या दुसऱ्या, मंतरलेल्या कॅमेऱ्यातला. स्टँड हलला? नाही! लेन्स बदलली? तीच आहे! त्या कॅमेऱ्यातून काढली, या कॅमेऱ्यात लावली, तुमच्यादेखत! आता खुर्ची बघा."

दुसऱ्या फोटोत खुर्ची चांगली दीडपट झाली होती.

"अगं बाई, खुर्ची पुढं सरकली की हो!" शेजारीण ओरडली.

"आईच्या ओढीनं पुढं आली. पुढच्या जपाला मुलगी बोलेल, माउली," बाबा सासूबाईंना म्हणाले. "पण औषधांचा वास आत्म्याला सोसत नाही. गोळ्या बंदच ठेवा."

हृदयाच्या गोळ्या बंद होऊन आठवडा झाला होता. सासूबाईंचे पाय सुजले होते. जावई सांगून सांगून थकला होता. पालथ्या घड्यावर पाणी!

"आई, गोळी घ्या हो."

"तुम्हाला बायको परत नकोय का, जावईबापू?"

हा घाव त्याला बसला. तो उठला आणि फोटोंसमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"बाबा, ती आईच्या ओढीनं पुढं आली म्हणता. मग मागच्या भिंतीवरचं घड्याळ कुणाच्या ओढीनं आलं? तेही दीडपट झालंय. आणि पहिल्या फोटोतली कडेची खिडकी कुठंय? तिनं संन्यास घेतला?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी डोळे वटारले. तोवर त्यानं दोन्ही कॅमेरे उघडून लोकांपुढे धरले होते. आत जिथं चित्र पडतं तो सेन्सर एकात मोठा होता, दुसऱ्यात लहान.

बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं भिंग त्यानं खिडकीसमोर धरलं. भिंगामागं धरलेल्या कागदावर अख्खी खिडकी उलटी उमटली, चौकटीसकट. मग कागदाच्या जागी त्यानं काड्यापेटी धरली. तिच्यावर नुसते मधले गज उरले.

"भिंग तेच, अंतर तेच, गजही तेवढेच. त्या लहान सेन्सरसारखी इथंही जागा लहान, म्हणून कडा बाहेर पडल्या. आता ही काड्यापेटी ताणून कागदाएवढी केली तर?"

"सगळंच मोठं दिसेल," शेजारीण पुटपुटली. "मेला, आम्हाला बनवत होता!"

बाबा स्टँड मिटू लागले.

"म्हणजे ती आलीच नव्हती?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. येणारही नाही."

तो त्या खुर्चीवर जाऊन बसला आणि त्यानं गोळी पुढं केली. "तुम्ही तरी राहा."

सासूबाईंनी गोळी घेतली.

कुणी काही जवळ आणून दाखवलं, की कडेचं काय कापलं ते आधी बघा. इथे खिडकी गेली होती. आणखी थोडे दिवस कुणी विचारलं नसतं, तर सासूबाई गेल्या असत्या.