‘औ’च्या मागचं कार्ड

मी नंदनवन वस्तीतल्या एका धर्मादाय दवाखान्यातली कार्डांची पेटी बोलतेय. हातभर लांब, सागवानी. माझ्यात रोग्यांची कार्डं नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे उभी असतात.

मला लावलं देवराव कारकुनांनी. लहानपणी अक्षरं जशी घोकली तशीच त्यांनी कार्डं ठेवली. अ, आ करत औ, आणि त्याच्या मागे अं. पंधरा वर्षं त्यांचा हात न बघता हव्या त्या कार्डावर पडायचा. निवृत्त झाले त्या शनिवारी त्यांनी माझं झाकण पुसलं. क्रम मात्र कुणाला सांगितला नाही. त्यात सांगायचं काय, असं त्यांना वाटलं असावं.

सोमवारी त्यांच्या जागी प्रेमिला आली. हुशार मुलगी, शब्दकोश चाळायची सवय असलेली. शब्दकोशात अं सगळ्यांत आधी येतो.

त्याच सकाळी अंजनाबाई आल्या. त्यांना क्षयाच्या नव्वद सुया घ्यायच्या होत्या. एक्क्याऐंशी झाल्या, असं त्या म्हणत होत्या. पण तसं लिहिलेलं कार्डच प्रेमिलाला सापडेना. तिने पुढची कार्डं तीनदा उलटली. डॉक्टर म्हणाले, तोंडी आकड्यावर चालणार नाही, कार्ड नसेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल. अंजनाबाईंना नीट बसताही येत नव्हतं, इतक्या सुया टोचून झाल्या होत्या.

त्या उभ्यानेच प्रेमिलाची बोटं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “काहून वं पोरी, पुढंच पाहून राहिली? अं तर औच्या मागं येते. आमच्या प्रौढ वर्गात तसंच म्हणतो आम्ही.”

“मावशी, शब्दकोशात तो पहिला असतो.”

“तिथं असन. ह्या पेटीत ठेवणाऱ्यानं कुठं ठेवला, ते पाह्य ना.”

प्रेमिलाने औच्या मागे बोट घातलं. अंबादासच्या कार्डाच्या पाठीला अंजनाबाई चिकटून होत्या. प्रत्येक सुईची एक, अशा एक्क्याऐंशी खुणा.

प्रेमिलाने मला नव्याने लावलं नाही. अंजनाबाईंच्या हाती पेन्सिल देऊन तिने एक निळं कार्ड लिहून घेतलं, ‘अं औच्या मागे’, आणि ते सगळ्यांत पुढे खोचलं. झाकणाच्या आतून तिने पूर्ण क्रम चिकटवला. आता कुणाचंही कार्ड चटकन निघतं.

मी सुखात आहे. उद्या माझ्यापुढे कुणी नवं बसलं, तर एवढंच करा, शोधण्याआधी माझं झाकण वाचा. आणि अंजनाबाईंचं कार्ड आता माझ्यात शोधू नका. ते शेजारच्या पेटीत आहे, बऱ्या झालेल्यांच्या. तिथेही औच्या मागेच.