जेवणानंतरचा गजर

“श्वास घ्या… धरून ठेवा,” यंत्रातून सूचना आली आणि प्लंबरने असे काही गाल फुगवले, की काचेपलीकडच्या टेक्निशियनला हसू आवरेना.

हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम किती साचलंय, ते मोजणारी ही तपासणी. गडी सहा वर्षं डायलिसिसवर होता. आता बायकोची किडनी जुळली होती. आकडा कमी आला तर ऑपरेशनची तारीख मिळणार होती.

“आयुष्यभर लोकांच्या पाइपांतले क्षार काढले,” बाहेर येऊन तो बायकोला म्हणाला, “आता माझेच पाइप तपासतायत.”

“गप्प बसा हो. कुठे काय बोलावं, काही आहे का!”

आकडा नऊशेच्या वर गेला.

“ऑपरेशन इतक्यात नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आधी अँजिओग्राफी, मग ठरवू. रक्तात फॉस्फरसही सारखा वाढलेला असतो, त्यानेच धमन्यांत क्षार साचतात. त्या चावायच्या गोळ्या जेवतानाच घेता ना? घासाबरोबर घेतल्या तरच त्यांचा उपयोग.”

फाइल आवरणारा बायकोचा हात तिथेच थांबला. औषध घ्यायचं ते जेवण पचल्यावर, ही तिची माहेरची शिस्त. जेवणानंतर तासाभराने मोबाइलचा गजर व्हायचा आणि ती तळहातावर गोळी घेऊन समोर हजर. सहा वर्षांत त्याने एकही चुकवली नव्हती. चुकवायची काय बिशाद होती!

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“खरं सांगू का डॉक्टर? ही वेळेवर देते हो. हिची पाठ वळली, की मी बेसिनमध्ये टाकतो.”

“त्या तुम्हाला किडनी द्यायला निघाल्यात, आणि तुम्ही हे असं?”

पुढची पाच मिनिटं त्याने मान खाली घालून बोलणी खाल्ली.

घरी ताट वाढलं, तेव्हा गोळी ताटातच होती.

“चावा,” ती ताट पुढे सरकवत म्हणाली. “म्हणे बेसिनमध्ये! रोज तुमचं तोंड उघडून बघत आलेय मी. मला माफ करा हो.”

“कशाबद्दल?” त्याने गोळी कडकड चावली. “भाजीत मीठ टाकायला विसरलीस त्याबद्दल?”

ती रडता रडता हसली. जेवणं उरकली तरी दोघं तिथेच बसून राहिली.

तासाभराने गजर झाला. सवयीने त्याने हात पुढे केला आणि मग ओशाळून मागे घेऊ लागला. तिने तो धरून ठेवला. मोबाइल वाजत राहिला.